टर्बो गार होईपर्यंत

३ जानेवारी

दादा,

नमस्कार लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. हात जोडलेले नाहीत, ग्रीसने माखलेत, त्यामुळे कागदावर डाग दिसले तर नाक मुरडू नकोस. फोनवर तुला आईचा आवाज स्वच्छ ऐकू येतो आणि माझा मात्र हमखास तुटतो. कागदाला रेंज लागत नाही, म्हणून पत्र.

तुझा निरोप आईने पोचवला. "तिला सांग, इंजिन उघडू नकोस. मी इकडून एक चांगलं जुनं इंजिन पाठवतो, ते बसव." चार वर्षांत मला पाठवलेला तुझा हा पहिला निरोप, आणि त्यातही 'नको' आहेच.

तर ऐक. बाबांनी गॅरेज टायरवाल्याला भाड्याने द्यायचं ठरवलंय. त्यांना आता कडेचं काहीच दिसत नाही. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले काचबिंदू आहे, निदान पाच वर्षं तरी आतल्या आत चालू असणार. इंजिनची कामं ते घेत नाहीत, आणि मला तर ती चार वर्षं करूच दिली नाहीत. मी आपली ब्रेक घासते, क्लच बदलते. का, ते तुला माहीत आहे.

मी बाबांना एवढंच म्हटलं, "तुमची टर्बो गाडी मी परत बांधते. एप्रिलात चढाची शर्यत आहे. गाडी माथ्यावर पोचली तर इंजिनचं टेबल माझं आणि गॅरेज गॅरेजच राहील. नाही पोचली तर टायरवाल्याला किल्ली मी स्वतः नेऊन देईन." बाबा बराच वेळ खुर्चीच्या दांड्यावर बोटं वाजवत बसले, मग म्हणाले, "बघ बाई."

काल गाडीवरचं कापड काढलं. आत बसले. बाबांचा नियम आठवतो ना? कितीही घाई असो, गाडी पळवून आणली की इंजिन लगेच बंद करायचं नाही. इंजिनात हवा कोंबणारा टर्बो लाल झालेला असतो, त्याच्यात तेल फिरू द्यायचं, दोन मिनिटं थांबायचं. घरातल्या सगळ्या मोठ्या गोष्टी आपण त्या दोन मिनिटांत ऐकल्या. तुझा नापासाचा निकाल तू त्याच दोन मिनिटांत सांगितलास, कारण चालू गाडीतून उतरून तुला मारायला बाबांना जमणार नव्हतं.

चार वर्षांपूर्वी शर्यतीच्या दिवशी चढावर मात्र इंजिन आपणहून बंद पडलं. निळा धूर, खडखड, संपलं. गाडी तू चालवत होतास. आम्ही वर पोचलो तेव्हा तू बोनेटमध्ये डोकं घालून होतास, आणि मला पाणी आणायला पिटाळलंस. अर्ध्या तासाने डबा घेऊन आले तर तू हात पुसत सगळ्यांना सांगत होतास, "रॉडचे बोल्ट सैल राहिले. खालचं काम हिचं होतं."

लोक हसले. बोअरिंगवाले काका च्च च्च करत होते. बाबा काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी माझा, बोल्ट मापात आवळायचा टॉर्क पाना त्यांच्या कपाटात गेला आणि पुढच्या महिन्यात तू लांबची नोकरी धरलीस.

मी इंजिन उघडणार आहे.

तुझी (नाइलाजाने) धाकटी बहीण


१७ जानेवारी

दादा,

उघडलं.

उघडायच्या आधी चारही सिलिंडरचं प्रेशर मोजलं. पहिला ठीक, दुसरा ठीक, चौथा जरा दमलेला, तिसरा शून्य. गेज बिघडला असं वाटून तीनदा मोजलं. मग इंजिन खाली उतरवलं. पाच दिवस लागले, कारण चार वर्षांचा गंज माझ्यापेक्षा हट्टी निघाला. एक बोल्ट तर मी शिव्या दिल्यावरच हलला, आणि आईने आतून विचारलं, "कोण आलंय गं?"

तेलाची टाकी काढली आणि विजेरी घेऊन टांगलेल्या इंजिनाखाली शिरले. रॉडचे आठ बोल्ट, दादा. प्रत्येकावर माझी लाल रेघ.

आपले रंग तू विसरला नसशील. बोल्ट मापात आवळला की त्याच्या डोक्यावरून खालच्या भागावर एक सरळ रेघ मारायची, म्हणजे बोल्ट केसभर जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. बाबांचा पिवळा ऑइलपेंट, तुझं टायपिंग खोडायचं पांढरं, आणि माझी आईच्या कपाटातून ढापलेली लाल नेलपॉलिश. कुणी आवळला आणि कुणाच्या डोक्यावर खापर फोडायचं, दोन्ही एका नजरेत कळायचं.

आठही रेघा अखंड आहेत. पाना लावूनही पाहिला, एकही बोल्ट हलला नाही. बेअरिंगं गुळगुळीत. माझं काम चार वर्षं काळोखात तसंच्या तसं बसून होतं, आणि मी मात्र तुझ्या एका वाक्याखाली मान घालून ब्रेक घासत होते. मी जमिनीवर आडवी पडून रडले. तेल डोळ्यात गेलं असं आईला सांगितलं.

आता एक प्रश्न. रॉडचे बोल्ट तेलाची टाकी काढल्याशिवाय दिसत नाहीत. तू त्या दिवशी टाकी काढली नव्हतीस. मग तुला बोल्ट दिसले कुठून?

खरं कारण वर आहे. तिसऱ्या पिस्टनची कड तुटलीय. हवेच्या नळ्यांमध्ये तेलच तेल आहे. टर्बोचं पातं कडेने चावल्यासारखं झालंय आणि त्याचा दांडा हलणाऱ्या दातासारखा डुलतोय. टर्बो तू बसवला होतास. शर्यत जिंकायची म्हणून टर्बोची प्रेशर वाढवायची दांडी जास्त आवळलीस ना? कबूल कर आणि मोकळा हो.

बहीण


२४ जानेवारी

दादा,

प्रेशरच्या दांडीवर तुझी पांढरी रेघ आहे आणि ती जागची हललेली नाही. माप घेतलं, तेही बरोबर. तेव्हा एवढ्यापुरती माफी मागते. एवढ्यापुरतीच. बाकीची शिल्लक ठेवलीय.

तुझं दोन ओळींचं पत्र मिळालं. "झालं ते झालं. बाबांच्या वयाकडे बघ, आणि ती गाडी सोड." आरोप केला तरी तू चिडला नाहीस, याचंच मला नवल वाटलं. लहानपणी मी तुझ्या सायकलला हात लावला तरी घर डोक्यावर घ्यायचास.

ब्लॉक घेऊन बोअरिंगवाल्या काकांकडे गेले. त्यांनी विचारलं, "बांधणार कोण?"

"मी."

"बाबांना पाठव, मग बघू."

मी ब्लॉक त्यांच्या टेबलावर ठेवला, स्टूल ओढून बसले आणि पिशवीतून आठ बोल्ट आणि सोडवायच्या आधी काढलेले त्यांचे फोटो त्यांच्यापुढे मांडले. "काका, त्या दिवशी तुम्ही होतात तिथे. हे घ्या, बघा."

त्यांनी चष्मा पुसला. एकेक बोल्ट उचलून उजेडात धरला, फोटोतल्या रेघेशी जुळवून पाहिला.

"मग गेलं कशानं इंजिन?"

"तेच शोधतेय. तोवर तुम्ही मापं घ्या."

घेतली. तिसऱ्या सिलिंडरचं भोक अंडाकृती झालंय, चारही कातून पुढच्या मापाला न्यावी लागतील, पिस्टन नवे. निघताना म्हणाले, "त्या दिवशी मी हसलो होतो का गं?" मी म्हटलं, "तुम्ही च्च च्च केलं होतंत, ते जास्त लागलं होतं."

टर्बो मी तेलाच्या पाइपसकट बाजूला ठेवलाय. इंजिनकडचं टोक तेवढं सोडवलंय, टर्बोकडचं तसंच आहे. उद्या बघते.

बहीण


२५ जानेवारी

दादा,

कालच्या पत्राचं पाकीट अजून टपालात पडलं नाही, तोवर हे दुसरं लिहितेय.

टर्बोला तेल देणारा तो पोकळ बोल्ट. त्याच्या पोटातून बारीक भोकाने तेल जातं, टर्बोचा सगळा जीव त्या भोकात. त्या भोकात पेस्ट आहे. गळती बंद करायची निळी सिलिकॉन पेस्ट, शेवयाच्या तुकड्याएवढी, वाळून रबर झालेली. तेल थेंब थेंब गेलं, दांडा कोरडा पडला, पातं घासलं, तेल आणि पत्र्याचे कण इंजिनात ओढले गेले. तिसरा पिस्टन त्यातच गेला.

या बोल्टला पेस्ट लावायची नाही. फक्त नवा तांब्याचा वॉशर. हे मला कुणी शिकवलं? तुला कुणी शिकवलं? एकदा तू बोटभर पेस्ट लावलीस म्हणून तुझ्या हातावर पाना कुणी मारला होता?

रेघ पिवळी आहे, दादा.

आणि अजून आहे. रेघ जुळत नाही. बोल्टवरचा अर्धा तुकडा घड्याळातल्या बाराच्या जागी आणि खालच्या कड्यावरचा अर्धा दोनच्या जागी. म्हणजे बाबांनी रेघ मारल्यावर तो बोल्ट कुणीतरी उघडला आणि परत लावला. सैल नाहीये, नीट आवळलाय. त्यानंतर त्या इंजिनाला एकाच माणसाने पाना लावला होता. अर्धा तास. मला पाणी आणायला पाठवून.

तू पाहिलंस. भोकातली पेस्ट पाहिलीस, पिवळी रेघ पाहिलीस, ती पेस्ट तशीच ठेवून बोल्ट परत लावलास, हात पुसलेस आणि माझं नाव घेतलंस.

मला उत्तर हवंय. दोन ओळींचं चालणार नाही.


११ फेब्रुवारी

दादा,

चार पानं आली. त्यातलं एक वाक्य मी परत परत वाचलं. "बाबांचे हात आणि डोळे गेलेत हे त्यांना त्या सगळ्या लोकांसमोर कळलं असतं तर ते तिथेच संपले असते, तू लहान होतीस, तुला पुढे सगळं आयुष्य पडलं होतं."

बरोबर आहे. पडलंच होतं. तू ते उचलून बाबांच्या खाली उशीसारखं सारलंस.

मी सव्वीस वर्षांची होते, लहान नव्हते. आणि मला विचारलं असतंस ना, बाजूला घेऊन, लहानपणीच्या हाकेने, "उंदरा, आज तू तुझ्यावर घे" असं म्हणाला असतास, तर मी घेतलंही असतं! तुझ्यासाठी घेतलं नसतं, बाबांसाठी घेतलं असतं. तू विचारलं नाहीस. तुला आमच्या दोघांपैकी एकाचा बळी द्यायचा होता आणि माझा स्वस्तात पडला.

पत्राच्या शेवटी विनवलंयस की बाबांना काही सांगू नकोस. पत्र पोचायच्या आधीच सांगितलं. उशिरा पोचलं म्हणून टपालवाल्याला दोष देऊ नकोस, आधी पोचलं असतं तरी सांगितलं असतं. चाळीस वर्षं इंजिनं बांधलेल्या माणसापासून बिघाडाचं कारण लपवायचं, हे मला जमणार नाही. तू त्यांना काचेची बशी समजलास, मी त्यांना मिस्त्री समजते.

सकाळी चहा झाल्यावर बोल्ट त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी अंगठ्याने चाचपला, मग सुई मागितली. भोकात घालून तुकडा बाहेर काढला, दोन बोटांत चोळला.

"पेस्ट."

"हो."

"रंग?"

"पिवळा."

आई ओट्याजवळ उभी होती. तिने नळ बंद केला.

"वॉशर नीट बसलाय का ते दिसत नव्हतं," बाबा म्हणाले. "म्हटलं जराशी पेस्ट लावू, म्हणजे गळायचं नाही. लावली ते आठवतंय मला. दादा रॉड म्हणाला तेव्हा... मला सुटल्यासारखं झालं गं. विचारच केला नाही पुढे."

मला वाटलं होतं त्यांना काहीच माहीत नसणार. होतं, अर्धंमुर्धं, आणि त्यांनी ते चार वर्षं उकरलं नाही. मला त्यांचा इतका राग आला की मी बशी उचलली आणि परत ठेवली. आईने मात्र काही राखून ठेवलं नाही. "पोरीला चार वर्षं ब्रेक घासायला लावलेत तुम्ही! आणि वर ती चिडकी झालीय म्हणून मलाच ऐकवायचात!" बाबा मान खाली घालून ऐकत राहिले. मग आईच रडायला लागली, आणि तिला पाणी द्यायला बाबा चाचपडत उठले.

दोन दिवस ते गॅरेजमध्ये आले नाहीत. तू म्हणाला होतास तसे ते संपतायत की काय, असं मलाही वाटलं, खोटं कशाला बोलू. तिसऱ्या दिवशी भिंत धरत धरत आले, कपाट उघडलं, आणि माझा टॉर्क पाना माझ्या हातात दिला. गंज नव्हता त्यावर. दरवर्षी तेल लावत होते, म्हणाले.

तू अजून माझ्या मनातून उतरलेलाच आहेस.


२० मार्च

दादा,

रागात असले तरी हे तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही, आणि त्याचाही राग येतोय.

ब्लॉक घरी आला. क्रँक बसवला, नवी बेअरिंगं, प्रत्येक फटीचं माप दोनदा. पिस्टनच्या रिंगा घासून घासून मापात आणल्या. हवा गार करायच्या जाळीतून अजून पत्र्याचे कण निघत होते. ती तशीच बसवली असती तर नवे पिस्टनही गेले असते, म्हणून सात वेळा धुतली. टर्बोचं पोट नवं, तेलाचा पाइप नवा.

त्या पोकळ बोल्टपाशी आल्यावर बाबा म्हणाले, "हा मी लावू?"

मी हातातलं फडकं खाली ठेवलं. मग म्हटलं, "लावा. पण मी तपासल्याशिवाय रेघ नाही."

चाळीस वर्षांत त्यांना असं कुणी सांगितलं नसेल. त्यांनी डोळे मिटले. तांब्याचा नवा वॉशर बोटाने गोल फिरवून पाहिला, बोल्ट हाताने बसवला, मग पाना. पेस्टची नळी मी आधीच खिशात घातली होती, आणि ते हसून म्हणाले, "खिशातली नळी राहू दे तिथेच." मी तपासलं. त्यांनी पिवळी रेघ मारली, जराशी वाकडी, आणि तिच्या शेजारी मी लाल. आता या गॅरेजमध्ये प्रत्येक बोल्टवर दोन रंग. नियम माझा आहे.

प्लग काढून इंजिन नुसतं फिरवलं. टर्बोकडून परतणारं तेल डब्यात धार धरून पडताना दिसलं, तेव्हा कुठे प्लग लावले. किल्ली फिरवली, दुसऱ्या झटक्यात धरलं. जुनं तेल जळून धूर झाला, आईने खिडक्या आपटून बंद केल्या, आणि मग आवाज असा सरळ झाला की बाबा खुर्चीत ताठ बसले.

पण टर्बो प्रेशर धरेना. तीन दिवस मी नळ्या शोधत होते. चौथ्या दिवशी बाबांनी रबरी पाइपचा तुकडा मागितला, एक टोक कानाला लावलं आणि दुसरं मला इंजिनवर फिरवायला सांगितलं. "खाली घे. डावीकडे. अजून. थांब, शिट्टी ऐकू येतेय." बारीक नळीला नखाएवढी चीर. डोळ्यांनी मला महिनाभर सापडली नसती.

त्यांचे कान अजून शाबूत आहेत, दादा. तू त्यांना त्या दिवशी खरं सांगितलं असतंस, तर चार वर्षं त्यांचे कान आणि माझे हात एकाच टेबलावर असते.

बहीण


५ एप्रिल

दादा,

येत्या रविवारी चढ आहे. गाडी मी चालवणार, शेजारी बाबा बसणार. संयोजक म्हणाले, सोबत कुणी बसवायची पद्धत नाही. मी म्हटलं, ते माझं प्रेशरचं मीटर आहे.

टायरवाला काल येऊन भिंतींची मापं घेऊन गेला. घेऊ दे.

बाबा म्हणाले, "वर पोचलो की मी सगळ्यांना सांगतो, चूक माझी होती." मी नाही म्हटलं. त्यांनी त्यांचं मला सांगितलंय, आईसमोर सांगितलंय, पाना परत दिलाय. त्यांचं झालं. त्या दिवशी चढावर लोकांसमोर माझं नाव त्यांनी घेतलं नव्हतं.

तुझं परवाचं पत्र मिळालं. माफी मागितलीयस, तीनदा. नीट घडी करून परत पाकिटात घातलीय. बंद पाकिटातली माफी मी घेणार नाही. माझी फजिती उघड्यावर झाली होती.

बोअरिंगवाले काका येतायत. त्या दिवशी हसलेले बाकीचेही असतील, ते दरवर्षी येतात. आई पहिल्यांदाच येतेय, छत्री आणि स्टूल घेऊन.

व्हॉल्व्हच्या झाकणाचा एक बोल्ट मी मापात आवळलाय, पण त्यावर रेघ मारलेली नाही. तिथे पांढरा लागतो आणि तुझी बाटली कपाटात वाळून दगड झालीय. येताना नवी आण. येणार नसशील तर सांगू नकोस, मी वरती वळणाकडे बघत बसणार नाही.

माथ्यावर पोचल्यावर मी इंजिन लगेच बंद करणार नाही. टर्बो गार व्हायला दोन मिनिटं लागतात. एका वाक्याला तेवढी पुरतात.

तुझी,
उंदीर